नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या मराठीत 'नाव' या दोन अक्षरांभोवती वाक्प्रचारांचे केवढे मोठे गोत जमले आहे! कर्तबगार मुलगा कुळाचे नाव काढतो, नादान निघाला तर तेच नाव घालवतो. उद्योगी माणूस नाव कमावतो. नवी नवरी चारचौघींत लाजतलाजत उखाण्यात नाव घेते. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव ठेवते. आणि तेच बाळ मोठे होऊन चारचौघांच्या रीतीविरुद्ध वागू लागले, की सारे गाव त्याला नावे ठेवते. एकवचनात जो संस्कार, तीच अनेकवचनात निंदा! ज्या कोणी हे दोन वाक्प्रचार असे शेजारी शेजारी बसविले, त्याला मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे.

आजचा आमचा विषय अमेरिकेतील मुलामुलींच्या नव्या आणि विरळा नावांचा आहे. हा विषय निघाला की सुशिक्षित मंडळींच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. अमेरिकेतही तसेच होते. कोणी मुलीचे नाव नेवाया ठेवतो, कोणी खलीसी, कोणी मुलाला डीशॉन म्हणतो, कोणी डकोटा. आणि वर्तमानपत्रांतील विनोदी लेखकांना बसल्या जागी खाद्य मिळते. परंतु नावाचा अर्थ आणि उगम शोधीत आपण थोडे मागे गेलो, तर हे हसू ओठांवर टिकत नाही. कारण प्रत्येक नावामागे 'याचा अर्थ काय?' या प्रश्नाबरोबर दुसराही एक प्रश्न उभा असतो: हे नाव ठेवले कोणी? नाव ठेवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता? अमेरिकेच्या इतिहासात हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. युरोपातील पुष्कळ देशांत मुलाचे नाव ही सर्वस्वी आईबापांची मर्जी नव्हती. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने पंचांगांतील संतांची किंवा प्राचीन इतिहासातील व्यक्तींचीच नावे मुलांना ठेवता येत. हा निर्बंध १९६६ मध्ये सैल झाला आणि १९९३ मध्ये संपला. डेन्मार्कमध्ये सरकारमान्य नावांची यादीच असते. अमेरिकेत अशी यादी नाही. राज्याराज्यांचे काही किरकोळ नियम आहेत, कोठे अंक चालत नाहीत, कोठे अक्षरांवरची चिन्हे चालत नाहीत. पण नावाला अर्थ असलाच पाहिजे, किंवा ते पूर्वी कोणी ठेवलेले असले पाहिजे, असे बंधन नाही. या मोकळिकीचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. तेथील सामाजिक सुरक्षा खात्याच्या दप्तरात १८८० पासूनची नावे आहेत. १८८० मध्ये दर शंभर मुलांत सुमारे आठ जॉन होते, आणि दर शंभर मुलींत सुमारे सात मेरी. आज यादीतील पहिल्या क्रमांकाचे नावही शंभरात जेमतेम एकाच्या वाट्याला येते. म्हणजे पूर्वी एका आळीत चार जॉन सापडत. आता साऱ्या शाळेत आपल्या नावाचे दुसरे मूल नसावे, अशी आईबापांची इच्छा असते.

पण हे वेड आजकालचे आहे काय? मुळीच नाही. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून जे इंग्लिश धर्मनिष्ठ लोक अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले, त्यांची नावे पाहा. भर समुद्रात एक मूल जन्मले, त्याचे नाव ओशनस, म्हणजे सागर. जहाज केप कॉडच्या बंदरात नांगरून असताना दुसरे जन्मले, त्याचे नाव पेरेग्रिन, म्हणजे परदेशी आलेला यात्रिक. त्याचा थोरला भाऊ रिझॉल्व्ड, म्हणजे कृतनिश्चयी. त्यांचे वडीलधारे विल्यम ब्रूस्टर यांनी आपल्या अपत्यांची नावे लव्ह, रेसलिंग, पेशन्स आणि फिअर अशी ठेवली होती: प्रेम, झुंज, धीर आणि भय! हे भय ईश्वराचे, आणि झुंजही आत्म्याची. एका मुलीचे नाव रिमेम्बर, म्हणजे आठवण ठेव. पुढे एका धर्मोपदेशकाने १६३९ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव इन्क्रीज, म्हणजे वृद्धी, असे ठेवले, कारण त्या सुमारास देवाने या नव्या भूमीची सर्व प्रकारे भरभराट केली होती. हेच इन्क्रीज मॅदर पुढे हार्वर्डचे अध्यक्ष झाले.

या लोकांनी अशी नावे का ठेवली? त्यांना रोमच्या चर्चमधील संतांची नावे नको होती आणि मूर्तिपूजकांची जुनी नावेही नको होती. ज्या इंग्लंडने त्यांचा छळ केला, त्या इंग्लंडच्या रीतीने मुलांना हाक मारणे त्यांच्या जिवावर येई. नवा देश, नवा धर्माचार, म्हणून नावही नवे. त्यांच्या समकालीनांनी त्यांना यथेच्छ नावे ठेवली. नाटककारांनी त्यांची टिंगल केली. आज मात्र त्यांच्या वंशात जन्मल्याचा अभिमान अमेरिकेतील प्रतिष्ठित घराणी मिरवितात, आणि फिअर किंवा रेसलिंग या नावांना कोणी हसत नाही. चारशे वर्षांपूर्वीचे विचित्र नाव ऐतिहासिक ठरते आणि चार वर्षांपूर्वीचे हास्यास्पद, एवढाच काय तो भेद.

दुसरी रीत आडनावाचे नाव करण्याची. विशेषतः दक्षिणेकडे आईच्या माहेरचे आडनाव मुलाला नाव म्हणून देत. शिवाय थोर पुरुषांच्या आदरापोटी त्यांची आडनावे मुलांची नावे झाली. १७८३ मध्ये जन्मलेले लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. हळूहळू कोणतेही आडनाव नाव म्हणून चालू लागले, आणि इंग्रजी आडनावे तर पुष्कळशी धंद्यांवरून पडलेली! टेलर म्हणजे शिंपी, मेसन म्हणजे गवंडी, टायलर म्हणजे कौले घालणारा, कूपर म्हणजे पिंपे बांधणारा, कार्टर म्हणजे गाडीवान, फ्लेचर म्हणजे बाण करणारा, आणि टॅनर म्हणजे कातडी कमावणारा. आज अमेरिकेत एखाद्या श्रीमंत डॉक्टरच्या मुलाचे नाव टॅनर असू शकते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. आपल्याकडे याच धंद्याचे नाव माणसाला हिणविण्यासाठी वापरले गेले, हे आठवले म्हणजे फरक लक्षात येतो. जो धंदा जन्माला चिकटून राहिला नाही, त्याचे नाव मिरवायला लाज वाटत नाही.

या आडनावांपैकी मॅडिसनची गोष्ट मोठी मौजेची आहे. मॅडिसन म्हणजे मॉडचा मुलगा, किंवा मॅथ्यूचा मुलगा. म्हणजे अर्थ अस्सल पुरुषी. १९८४ मध्ये एक चित्रपट आला. त्यातील जलपरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हिंडताना मॅडिसन अव्हेन्यूची पाटी पाहते आणि तेच आपले नाव म्हणून घेते. हे नाव कसले, असे नायक म्हणतो; म्हणजे प्रसंग विनोदाचा होता. पण तो विनोद पाहून घरी गेलेल्या प्रेक्षकांनी तो खरा करून दाखविला. २००१ आणि २००२ या वर्षी मॅडिसन हे सबंध अमेरिकेत मुलींचे दुसऱ्या क्रमांकाचे नाव होते. 'अमक्याचा मुलगा' असा अर्थ असलेले नाव लक्षावधी मुलींनी धारण केले, आणि अर्थाने मुकाट्याने माघार घेतली. नावाचा अर्थ शब्दकोशात असतो, पण नावाचे आयुष्य लोकांच्या तोंडी असते.

येथवरची कथा स्वतःचे नाव स्वतः ठेवणाऱ्यांची झाली. आता ज्यांना तो अधिकार नव्हता, त्यांच्याकडे वळू.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आज जेथे घाना देश आहे, तेथील अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून त्याचे नाव पडते. रविवारचा क्वासी, सोमवारचा कोजो, बुधवारचा क्वाकू, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. आपल्याकडेही सोमा, मंगळू, बुध्या ही नावे खेड्यापाड्यांत होतीच, तेव्हा ही रीत आपणांस परकी वाटू नये. संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव कोफी अन्नान हे शुक्रवारचे, आणि घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. या प्रदेशातून पकडून नेलेली माणसे अमेरिकेत गुलाम म्हणून विकली गेली, तेव्हा ही नावेही त्यांच्याबरोबर गेली. कोफीचा झाला कफी, कोजोचा कजो, क्वासीचा क्वाश. पुढे मालकांच्या तोंडी 'कफी' हा शब्द कोणत्याही काळ्या माणसासाठी कुत्सितपणे वापरला जाऊ लागला. आईने ठेवलेले नाव मालकाने नावे ठेवण्यासाठी वापरले. आमच्या दोन्ही वाक्प्रचारांचे असे भीषण मीलन दुसरे कोणते सांगावे?

पुष्कळ मालक मात्र जुने नाव ठेवीतच नसत. ते गुलामांना सीझर, पॉम्पी, केटो, ज्युपिटर अशी रोमन वीरांची व देवांची नावे देत. ज्याला स्वतःच्या मुलावरही हक्क नाही, त्याला सीझर म्हणून हाक मारायची आणि घोडा आणावयास सांगायचे, यातली थट्टा मालकाला गोड वाटत असे. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण दारिद्र्याला लावतो. येथे तर हाती बेडी होती.

अशा स्थितीतही नाव परत मिळविणारी माणसे निघाली. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५९ मध्ये जन्मलेले पॉल कफी यांचे वडील कोफी हे गुलामीतून सुटलेले, आणि त्यांच्यामागे मालकाचे स्लोकम हे आडनाव लागलेले. मुलांनी मोठेपणी मालकाचे आडनाव टाकले आणि बापाचे कोफी हे नावच आडनाव म्हणून घेतले. ज्या शब्दाने लोक हिणवीत, तोच शब्द पॉल कफी यांनी आपल्या गलबतांच्या धंद्यात सन्मानाने वागविला. मताचा अधिकार नसता कर का भरावा, असा अर्जही १७८० मध्ये या बंधूंनी केला होता. न्यूयॉर्क राज्यात इझाबेला नावाची एक दासी मुक्त झाली, आणि १८४३ मध्ये आपण धर्माचा उपदेश करीत देशभर फिरणार म्हणून तिने सोजर्नर ट्रूथ हे नाव घेतले. मराठीत सांगायचे तर सत्याची यात्रेकरू. फ्रेडरिक बेली हा तरुण १८३८ मध्ये पळून मुक्त झाला. पकडले जाण्याच्या भीतीने आडनाव बदलणे प्राप्त होते. आश्रयदात्याने स्कॉटच्या एका काव्यातील नाव सुचविले, आणि फ्रेडरिक डग्लस हे नाव जगाच्या इतिहासात आले. पण आडनाव निवडण्याचा अधिकार मित्राला देताना त्याने एक अट घातली होती: फ्रेडरिक हे नाव बदलायचे नाही, नाहीतर मी मीच आहे याची खूण राहणार नाही.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर आलेला प्रसंग वेगळ्या तऱ्हेचा. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये सरकारने एक निवासी शाळा काढली. मूळ रहिवाशांच्या मुलांचे 'इंडियनपण' घालवून त्यांना गोऱ्यांसारखे करावे, हा तिचा उघड हेतू. पहिल्या तुकडीत लाकोटा जमातीचा ओटा क्टे नावाचा मुलगा होता. त्याने पुढे आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे, की फळ्यावर काही खुणा लिहिलेल्या होत्या. ही गोऱ्या लोकांची नावे आहेत, यांतील एक निवडा, असे दुभाष्याने सांगितले. त्या खुणा वाचता येणारे तेथे कोणी नव्हते. मुलाने हातातील छडीने एका खुणेवर बोट ठेवल्यासारखे केले, आणि तो ल्यूथर झाला. ते नाव कापडी फितीवर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवण्यात आले. ज्याला आपले नाव वाचता येत नव्हते, त्याने ते पाठीवर वागवले. वडिलांचे नाव आडनाव होऊन तो पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर म्हणून ओळखला गेला. हवाई बेटांत तर १८६० मध्ये, ती स्वतंत्र राज्य असतानाच, मिशनऱ्यांच्या वळणाचा कायदा झाला, की प्रत्येक मुलाला ख्रिस्ती नाव असलेच पाहिजे. हवाईयन नाव मधल्या जागी ढकलले गेले. हा कायदा रद्द झाला १९६७ मध्ये, म्हणजे एकशे सात वर्षांनी. त्यानंतर कित्येक घरांतून हवाईयन नावे पुन्हा पुढच्या जागी आली. नट कियानू रीव्ह्ज यांच्या नावाचा उगम याच भाषेतला. त्यात गारवा, थंड झुळूक असा अर्थ आहे.

आणि इकडे विपरीत पाहा! मूळ रहिवाशांच्या मुलांना ल्यूथर करणाऱ्या समाजानेच पुढे आपल्या मुलांना डकोटा आणि शायान ही नावे दिली. १९९० नंतरच्या दशकात ती चांगलीच लोकप्रिय होती. डकोटा म्हणजे मित्र, सहचर. शब्द सुंदर आहे. पण ज्या जमातीचे ते नाव, तिला १८६२ च्या युद्धानंतर मिनेसोटातून हद्दपार करण्यात आले, आणि त्या वर्षी २६ डिसेंबरला मँकेटो या गावी तिच्यातील अडतीस पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. ज्यांना हाकलले त्यांचे नाव आपल्या पाळण्यावर लिहिताना हा अर्थ किती आईबापांच्या मनात आला असेल?

आता अलीकडचा काळ. १९६४ मध्ये मुष्टियोद्धा कॅशियस क्ले याने जगज्जेतेपद जिंकले आणि लगेच मुहम्मद अली हे नाव घेतले. जुने नाव गुलामीचे आहे, असे तो म्हणाला. यातील गंमत अशी की, मूळचे कॅशियस क्ले हे केंटकीतील गोरे गृहस्थ गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते, आणि त्यांच्याच आदराने ते नाव या कुटुंबात आले होते. मग अलीचे चुकले काय? आम्हांस तसे वाटत नाही. नाव चांगल्या माणसाचे होते हे खरे; पण ते आपण निवडलेले नव्हते, हेही तितकेच खरे. अनेक वर्तमानपत्रे पुढे कित्येक वर्षे त्याला क्लेच म्हणत राहिली. १९६७ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टन येथे प्रतिस्पर्ध्यानेही त्याला क्ले म्हणण्याचा हट्ट धरला, तेव्हा अली लढतीत त्याला ठोसे मारीत एकच प्रश्न विचारीत होता: माझे नाव काय?

हा प्रश्न त्या पिढीतील हजारो आईबापांनी आपापल्या परीने सोडविला. १९७७ मध्ये ॲलेक्स हेली यांच्या 'रूट्स' या पुस्तकावरील मालिका दूरदर्शनवर आली. कुंता किंते हा आफ्रिकन तरुण मालकाने दिलेले टोबी हे नाव उच्चारावे म्हणून त्याच्यावर फटके ओढले जातात, हे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. आणि त्याच वर्षी त्याच्या मुलीचे किझी हे नाव अनेक नवजात मुलींना मिळाले. कादंबरीत त्याचा अर्थ 'येथेच राहा' असा दिला आहे. स्वाहिली आणि अरबी नावे याच काळात वाढली. त्यांतली पुष्कळ मराठी कानाला ओळखीची वाटतील. इमानी म्हणजे श्रद्धा. आपले 'इमान' तेच. मलिक म्हणजे राजा. आपला 'मालक' त्याच धातूचा. १९६१ मध्ये होनोलुलूत जन्मलेल्या एका मुलाला त्याच्या केनियन वडिलांचेच बराक हे नाव मिळाले. धंद्यात बरकत येवो असे आपण म्हणतो, ती बरकत आणि हा बराक एकाच मुळाचे. लहानपणी बॅरी म्हणवून घेणारा हा मुलगा पुढे आपल्या पूर्ण नावाने राष्ट्राध्यक्ष झाला.

यांखेरीज सर्वस्वी नव्याने घडविलेली नावे आहेत, आणि सर्वांत जास्त हसणे त्यांच्याच वाट्याला येते. १९५४ मध्ये अलाबामात जन्मलेल्या कोंडोलीझा राइस यांच्या पियानो वाजविणाऱ्या आईने इटालियन संगीतातील 'माधुर्याने' या अर्थाची सूचना घेऊन ते नाव घडविले. त्याच वर्षी मिसिसिपीत जन्मलेल्या ओप्रा विन्फ्री यांचे नाव बायबलातील ऑर्पा. लोकांना उच्चार जमेना म्हणून अक्षरे फिरली. ला आणि डी ही उपपदे लुइझियानातील फ्रेंच वळणाची. ती जोडून लाटोया, लाकीशा, डीशॉन अशी नावे झाली. डीशॉन या नावाची फोड केली तर काय सापडते? शॉन हे आयर्लंडमधील शॉन, म्हणजे जॉन, म्हणजे हिब्रूतील योहान: ईश्वर कृपाळू आहे. १८८० च्या यादीत जे नाव पहिले, तेच हे! अर्थ एक, कूळ एक, केवळ पोशाख निराळा.

पण जग पोशाख पाहते. २००४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी बॉस्टन आणि शिकागो येथील तेराशेहून अधिक जाहिरातींना नोकरीचे सुमारे पाच हजार अर्ज पाठविले. लायकी सारखीच, फक्त काही अर्जांवर एमिली, ग्रेग यांसारखी गोऱ्या वळणाची नावे आणि काहींवर लाकीशा, जमाल यांसारखी. गोऱ्या वळणाच्या नावाला सुमारे दहा अर्जांमागे एक बोलावणे आले. दुसऱ्या नावांना पंधरांमागे एक. नुसत्या नावाचा फायदा आठ वर्षांच्या अनुभवाइतका पडला. कारकुनाने अर्ज उघडला, नाव वाचले आणि बाजूस ठेवला. माणूस पाहण्याची वेळच आली नाही.

यावर कोणी शहाणे म्हणतात, मग आईबापांनी अशी नावे ठेवू नयेत. हा सल्ला वरवर व्यवहारी दिसतो. पण त्याचा अर्थ असा, की नावे ठेवणाऱ्याने आपली सवय सोडू नये, नाव ठेवणाऱ्याने मात्र सोडावी. ज्यांच्या पणजोबाला मालकाने सीझर केले, त्यांना आज पुन्हा कोणाच्या तरी पसंतीचे नाव निवडा असे सांगणे आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. सगळीच नवी नावे काही इतिहासाच्या जखमेतून आलेली नाहीत. २००० मध्ये एका गायकाने दूरदर्शनच्या कार्यक्रमात आपल्या मुलीचे नेवाया हे नाव सांगितले. इंग्रजीत स्वर्गवाचक 'हेवन' शब्दाची अक्षरे उलटी लिहिली की ते होते. १९९९ मध्ये साऱ्या अमेरिकेत या नावाच्या अवघ्या आठ मुली जन्मल्या होत्या. २००५ मध्ये ते मुलींचे सत्तरावे नाव झाले. खलीसी हा शब्द तर अस्तित्वातच नसलेल्या भाषेतला, एका कादंबरीमालेतील टोळीनायकाच्या राणीचा. मालिका २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये नाव पहिल्या हजारात आले. त्याच कथेतील दुसऱ्या मुलीचे आर्या हे नावही तेथे पसरले. मोरोपंतांच्या आर्या पाठ केलेल्या आपल्या कानांना त्याची मौज वाटावी! ही हौस आहे, फॅशन आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु स्वातंत्र्य दिले की त्यातून सोजर्नर ट्रूथही निघते आणि खलीसीही निघते. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणणारा फळ्यावर पुन्हा नावे लिहून हाती छडी देण्याच्या वाटेवर असतो.

हा सारा इतिहास आपणांस दूरचा वाटतो काय? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणत्या वर्णाचे नाव कसे असावे हे सांगितले आहे, आणि शूद्राचे नाव तिरस्कार सुचविणारे असावे अशी आज्ञा आहे. मालकाने कफी म्हणावे आणि स्मृतिकाराने ही आज्ञा करावी, यांत अंतर समुद्राचे आहे, वृत्तीचे नाही. जोतीराव फुल्यांनी ते ओळखले होते. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना उद्देशून लिहिली, ती उगाच नव्हे. शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव दलित पँथर ठेवले, तेव्हा १९६६ मध्ये ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथरचेच नाव समुद्र ओलांडून आले. आणि समोर बसलेल्या माताभगिनींना तर आम्ही वेगळे काय सांगावे? लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव, आणि वीस वर्षे ज्या नावाला ओ दिली ते त्या तांदळांबरोबर बाजूला सारलेले, हे आपल्या घराघरांत घडले आहे. कित्येकींनी ते आनंदाने स्वीकारले. पण विचारले कोणालाच नव्हते. अलीकडे पुष्कळ मुली माहेरचे नाव राखतात, आणि त्यांनाही कोणी ना कोणी नावे ठेवतेच.

उलट प्रवासही झाला आहे. तिबेटी बौद्ध धर्माच्या एका अमेरिकन पंडिताने १९७० मध्ये आपल्या मुलीचे नाव उमा करुणा ठेवले; ती नटी उमा थर्मन. १९६४ मध्ये ओकलंड येथे श्यामला गोपालन या तमिळ विदुषीने मुलीचे नाव कमला ठेवले. ती २०२१ ते २०२५ अमेरिकेची उपाध्यक्ष होती. आणि २०२० मध्ये एका जाहीर सभेत एका सिनेटरने ते तीन अक्षरांचे नाव मुद्दाम वेडेवाकडे उच्चारून लोकांना हसविले होते.

आज आपली मराठी मुले मोठ्या संख्येने अमेरिकेत नांदत आहेत. तेथे नातवंड जन्मले की येथे आजीआजोबा नावे सुचवितात, आणि तिकडून निरोप येतो की ते तेथील मास्तरांच्या जिभेला जड जाईल. नील, माया, रिया असे काही सोपे पाहा. नील आणि माया ही सुंदर नावे आहेत, ती अवश्य ठेवावीत. पण ती सुंदर आहेत म्हणून ठेवतो, की दुसऱ्याच्या जिभेला त्रास नको म्हणून ठेवतो, एवढे ज्याने त्याने मनाशी विचारून घ्यावे. तेथील जीभ शिकली तर कोंडोलीझाही म्हणते आणि बराकही म्हणते, हे आपण आज पाहिलेच. आणि येथे बसून आपल्या शेजारच्या घरात एखादे अपरिचित नाव कानी पडले, तर हसण्यापूर्वी एवढे तरी विचारू या, की हे नाव कोणी ठेवले, आणि ते ठेवण्याचा अधिकार त्याला किती पिढ्यांनी मिळाला.